चार नंबरचा डबा

माह्या सुनेले माती हातात घेऊन पाहाची सवय नाई. ती मातीले लॅपटॉपवर इचारते. हसू नका, खरंच सांगून राह्यली. पह्यले मीबी हसलीच होती.

आमचं गाव साखरखेर्ड्याच्या जरा पुढं. आमच्याकडं मिरचीचं शेडनेट हाये, पण मिरची खाण्याची नाई, बियाण्याची. एका कंपनीसाठी आमी बियाणं तयार करतो. आत मादीचे तीन वाफे अन् नराचा एक. मादीचा पह्यला वाफा पाण्याच्या टाकीपाशी, अन् नराचा पार तिकडल्या टोकाले. नराच्या फुलाची पावडर काढाची अन् रोज सकाळी मादीच्या एकेका फुलाले हातानं लावाची, त्याले आमी क्रॉसिंग म्हणतो. मादीची दोन-चार झाडं गेली तं कोणी रडत नाई. पण नराचं बी कंपनी मोजकंच देते, अन् एकदाच देते. नर गेला का मंग मादी कितीबी फुलू द्या, तिचा काई उपेग नाई. हंगाम खलास.

क्रॉसिंग मी लय वर्षं केलं. मंग माहे हात थरथराले लागले. चिमट्यानं कळी उघडाले जाये तं कळीच तुटून हातात ये. डॉक्टर म्हणे वयाचं हाये. आता वय तं आमच्या बुढ्याचंबी झालं, त्याची जीभ काई थरथरत नाई. पण जाऊ द्या. तवापासून मी पाण्याचं काम धरलं. मूठभर माती दाबाची, ढेकूळ झालं तं पाणी नाई, भुरभुरली तं पाणी. मांगच्या वर्षी माहा अंदाज चुकला, पाणी जास्त झालं, अन् मादीच्या एका वाफ्याले मर लागली. मर म्हणजे खाली मूळ सडते अन् वर झाड उभ्या उभ्या सुकते. घरात मले कोणी शब्दानं बोललं नाई. बोलले असते तं बरं झालं असतं, मीबी दोन शब्द सुनावले असते.

यंदा माह्या सुनेनं, अनुपमानं, डबे आणले. ती पॉलिटेक्निक शिकलेली, सामान मागवून घरीच जोडत बसली. साबणाच्या डबीएवढे चार डबे, दर वाफ्यात एक. खाली दोन दांड्या, त्या मातीत खुपसाच्या. वर एक बारका दिवा, तो एरवी बंदच. आत बॅटरी, तीबी एवढीशी, म्हणून डबा सारा वेळ झोपून राह्यते अन् मधामधात उठून पाह्यते, आपल्याले कोणी हाक मारली का. पाइपावर अजून एक डबा, त्यात चार वॉल, म्हणजे पाण्याच्या चाव्या, दर वाफ्याले एक. शेडनेटाच्या बाजूले टिनाची खोली हाये, तिथं जुना लॅपटॉप. म्हटलं, बाई, लोकाईच्या मोबाइलवर ॲप असते, आपल्याले काऊन नाई? तं म्हणे, "आत्याबाई, ॲपले इंटरनेट लागते, अन् इथी इंटरनेटासाठी टाकीवर चढा लागते. चढता का?" जिभेनं माह्याच वळणाची हाये ती.

म्हणजे पाण्याचं कामबी माह्या हातून गेलं. मी निसत्या मिरच्या निवडाले राह्यली.

मंग दसऱ्याच्या आठ-दहा दिवस आधी अमडापूरहून फोन आला. अनुपमाची माय मोरीत घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन ठरलं. अनुपमाले जाणं भागच होतं. माहा पोरगा गोपाल संभाजीनगरले नोकरीवर, तो महिन्यातून एकदा येते. आता डब्याईले कोण इचारन? सगळ्याईनं बुढ्याकडं पाह्यलं. बुढा म्हणजे माहा नवरा, हिंमतराव. तो म्हणे, "मले इंग्रजी येत नाई." मी म्हटलं, "मले एबीसीडी येते. सातवी झाली हाये माही." अनुपमानं माह्याकडं लय वेळ पाह्यलं. तिच्यापुढं दुसरा इलाजच नव्हता. मंग म्हणे, "बसा इथी."

लॅपटॉपवर तिनं एक काळी खिडकी उघडली. त्यात ना चित्र, ना बटन. एक ओळ लिवाची, एंटर माराचं अन् गप बसून वाट पाहाची. ओळीत पह्यले क्लायंटचं नाव, म्हणजे आपलं बोलणं डब्यापाशी नेणाऱ्या प्रोग्रामचं. "हा आपला निरोप्या," ती म्हणे. मंग गेट नाईतं पुट. गेट म्हणजे सांग, पुट म्हणजे कर. मंग डब्याचा पत्ता, तो हातभर लांब. पण तिनं युक्ती सांगतली. वरच्या बाणाचं बटन दाबलं का मांगचीच ओळ परत येते, आपुन निसता डब्याचा आकडा बदलाचा. डब्यानं सांगतलं तं आधी २.०५ येते अन् मंग ओलाव्याचा आकडा. तिसाच्या खाली आला तं पुट लिवून त्या वाफ्याचा वॉल उघडाचा, त्याचं २.०४ आलं तं समजाचं काम झालं. ४.०४ आलं तं आपुन भलतंच नाव घेतलं. अन् काईच आलं नाई तं डबा झोपला हाये. तवा निरोप्या आपल्या मनानंच परत हाक मारते, थांबते, मंग अजून जास्त थांबून हाक मारते, अन् चार-पाच खेपा झाल्या का हात टेकते.

"घडीघडी उठवू नका त्याईले," अनुपमा म्हणे, "बॅटरी जाईन. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. अन् आत्याबाई, अंदाजानं पाणी देऊ नका. डबा म्हणन तेच."

ते शेवटचं मले टोचलं. पण मांगच्या वर्षीची मर आठवली अन् मी मान हलवली.

पह्यल्या दिवशी घामच निघाला. माह्या बोटानं एक बटन दोनदा दाबलं जाये. एका ओळीले अर्धा घंटा लागला. पण त्या काळ्या खिडकीची एक गोष्ट मले लय आवडली. एंटर मारेपर्यंत ती काईच करत नाई. किती खेपा चुका, किती खेपा खोडा, तिचं काई मोडत नाई अन् ती बोलतबी नाई. फुलाचं तसं नव्हतं. लय दिवसांनी मले असं काम भेटलं होतं का जे माह्या हातानं बिघडत नव्हतं. मी खूश होती. पोरीसारखी खूश होती, कोणाले सांगत नव्हती एवढंच.

बुढा दाराशी येऊन टोमणे मारे. "काय म्हणते तुही मिरची?"

"म्हणते, हिंमतरावाले आज चहात साखर टाकू नको."

पाच-सहा दिवस सगळं सरळ चाललं. चारही डबे उत्तर देत, आकडा खाली आला का मी वॉल उघडो, आकडा वर जाये. नर भरून फुलला होता. संध्याकाळी अनुपमाचा फोन ये, मी तिले आकडे सांगो, ती निसतं "हं" म्हणे. तिचं "हं" म्हणजे शाबासकीच समजा.

मंग खंडेनवमी आली. आमच्या घरी नवमीले एकबी अवजार पूजेवाचून राहत नाई. विळे, खुरपी, फवाऱ्याचा पंप, क्रॉसिंगचे चिमटे, सगळं धुवून-पुसून देवापुढं मांडलं. अन् माह्या मनात आलं, डबे काय अवजार नाईत? यंदा सगळ्यात जास्त राबले ते तेच. अन् त्याईलेच हळद-कुंकू नाई, हे काई मले पटलं नाई. मी चारही डबे उपटून घरी आणले. ओल्या फडक्यानं पुसले. अनुपमानं वरतून पेनानं नंबर लिवले होते, ते पुसता पुसता गेले, पण त्याचं मले काई वाटलं नाई, कारण कोणता कोणाचा हे पुसताना मले माहीत होतं. पाटावर एका ओळीत मांडले, हळद-कुंकू वाह्यलं, एकेक झेंडू ठेवला. वॉलचा डबा पाइपाले पक्का, त्याची जागेवरच पूजा केली. लॅपटॉपले कुंकवाचं बोट लावलं. त्या दिवशी अवजाराले काम सांगत नसतात, म्हणून मीबी कोणाले काई इचारलं नाई. दसऱ्याच्या सकाळी पाटावरून ओळीनं डबे उचलले अन् वाफ्यात खुपसून टाकले.

त्या दिवसापासून एक नंबरचा डबा तहानेला झाला. सकाळी इचारावं तं तिसाच्या खाली. वॉल उघडावा, संध्याकाळी इचारावं तं अजून खाली. पुन्हा उघडावा, सकाळी त्याहून खाली. "पोटात काय हाये बे तुह्या," मी त्याले म्हटलं, "एवढं पाणी जाते कुठी?" चार नंबर म्हणजे नर, तो मातर गुणाचा. कधीबी इचारा, साठाच्या वर. त्याले पाणी देण्याचं कामच पडलं नाई. मी अनुपमाले फोनवर सांगतलं, नराची काई काळजी करू नको. तिची माय त्या दिवशी ऑपरेशनातून बाहेर आली होती. तिनंबी जास्त इचारलं नाई.

तिसऱ्या दिवशी सकाळी मंजुळाबाई टिनाच्या खोलीच्या दारात आली. मंजुळाबाई म्हणजे आमच्याकडची क्रॉसिंगची जुनी बाई, माह्या बरोबरीनं काम केलेली. ती कधी उगाच बोलत नाई.

"सुभद्रावैनी, नराची फुलं गळून राह्यली."

मी गेली. नराची पानं खाली लोंबली होती. बुडाशी फुलांचा सडा पडला होता, अन् त्यातलं एकबी फूल पावडर काढाच्या लायकीचं राह्यलं नव्हतं. मी मूठभर माती उचलून दाबली, तं ती बोटातून भुरभुर खाली गेली. तशीच पळत खोलीत आली, वरचा बाण दाबला, चार नंबर घातला, एंटर मारलं. २.०५. त्रेसष्ट.

हात म्हणते कोरडी, डबा म्हणते ओली. आता कोणाचं ऐकाचं?

"पाणी सोड अन् मोकळी हो," बुढा म्हणे.

"अन् आत मर असली तं? मर लागली तरी झाड असंच लोंबते. वरून पाणी पडलं का नर सारा जाईन. मंग तुमी सांगसान का अनुपमाले?"

मी अनुपमाले फोन लावला.

"आकडा किती?" तिनं पह्यले हेच इचारलं. मांगून दवाखान्यातला गोंगाट येत होता.

"त्रेसष्ट."

"मंग पाणी देऊ नका. ऊन लागलं असन."

"अनुपमा, फुलं गळून राह्यली. अन् माती कोरडी ठणठणीत हाये, मी आत्ता हातात घेऊन पाह्यली."

मले वाटलं आता म्हणन, तुमच्या हाताचं सांगू नका. पण तसं म्हटली नाई. म्हणे, "थांबा. हा आकडा खरंच त्याच डब्यातून येऊन राह्यला का ते पाहू. डब्यावरचा दिवा लावता येते आपल्याले. मामाजीले नराच्या वाफ्यात उभं करा."

बुढा जाऊन नराच्या वाफ्यात उभा राह्यला. मी फोन कानाले लावून बसली अन् ती एकेक अक्षर सांगत गेली. गेट खोडून पुट. मातीचं नाव खोडून दिव्याचं, एल, ई, डी. शेवटी एकचा आकडा, म्हणजे चालू. मी एंटर मारलं तं ४.०४. एक डी जास्त पडला होता. खोडला, पुन्हा मारलं. एक घडी काईच नाई, मंग २.०४.

"झालं," मी ओरडून इचारलं, "लागला का दिवा?"

"नाई," बुढा तिकडून म्हणे.

"नीट पाहा ना."

"अवं माह्या नाकापुढं हाये. नाई लागला."

अनुपमा म्हणे, "२.०४ आलं अन् दिवा नाई, असं होत नाई. पुन्हा मारा."

मी पुन्हा मारलं. पुन्हा २.०४, पुन्हा बुढ्याचं नाई. तेवढ्यात टाकीपासल्या पह्यल्या वाफ्यातून मंजुळाबाईचा आवाज आला. "वैनी, इथी काईतरी चमकून राह्यलं."

मी फोन तसाच हातात धरून गेली. पह्यल्या वाफ्यातल्या डब्याचा दिवा लागला होता. चार नंबरले हाक मारली होती अन् ओ दिली होती ती या वाफ्यानं.

मंग मले सारं दिसलं. पूजेत कोणतीबी वस्तू आपुन उजव्या हाताकडून मांडतो. मीबी पाटावर तसेच मांडले होते, उजवीकडून एक, दोन, तीन, चार. अन् शेडनेटात वाफे मोजतात टाकीकडून, म्हणजे डाव्या हाताकडून. दसऱ्याच्या सकाळी घाईघाईत मी पाटावरचे डबे डावीकडून उचलत गेली अन् वाफेबी डावीकडून भरत गेली. पह्यल्या वाफ्यात गेला चारचा डबा, अन् नराच्या वाफ्यात एकचा. मधले दोनबी उलटेच झाले होते, पण ते वाफे बरोबरीनंच वाळत अन् बरोबरीनंच भिजत, म्हणून काई कळलं नाई. नराच्या मातीतून तो एकचा डबा रोज पाणी मांगत होता, अन् मी रोज पह्यल्या वाफ्यात पाणी ओतत होती. तो वाफा चिभडला, म्हणून तिथला चारचा डबा मले त्रेसष्ट सांगत होता. डबे खरंच बोलत होते. कराले गेली गणपती अन् झाला मारुती, तोबी माह्याच हातानं.

"आत्याबाई, काय झालं? लागला का दिवा?" फोनमधून अनुपमा इचारत होती.

"थांब, मी करते तुले फोन," म्हटलं अन् कट केला.

पह्यले पाणी. खोलीत जाऊन मी चार नंबरचा वॉल उघडला. २.०४ आलं, अन् बुढ्यानं तिकडून हाक मारली का नळ्याईले पाणी आलं म्हणून. मी जाऊन नराच्या बुडाशी बसली. अर्धी फुलं गेली होती. वरच्या कळ्या मातर झाडाले धरून होत्या. मंजुळाबाईनं एक कळी दाबून पाह्यली अन् म्हणे, "ह्या राहतीन." पण ह्या फुलेपर्यंत चार-पाच दिवस मादीले लावाले पावडर नाई. तितकं बियाणं गेलंच.

बुढा माह्या बाजूले येऊन बसला. त्यानं मले रागं भरलं नाई, तेच मले जड गेलं. हळूच म्हणे, "अवं गोपालची माय, अनुपमाले म्हण डबा बिघडला होता. डबे अदलाबदल करून ठेवू आत्ताच. डबा काय सांगाले येते का?"

ताकाले जाऊन भांडं लपवाची मले सवय नाई. पण त्या घडीले भांडं लपवावं वाटलं, खरंच वाटलं. खरं सांगतलं तं अनुपमा उद्याच येईन, लॅपटॉप आपल्याकडं ओढन, अन् मी परत मिरच्या निवडत बसन. मांगच्या वर्षी एक वाफा, यंदा नर. तिसऱ्या खेपेले कोण मले काई हातात देईन? मले रडू येत होतं अन् मंजुळाबाईपुढं रडाचं नव्हतं. मी उठून खोलीत गेली अन् फोन लावला, कारण अजून थोडा वेळ बसली असती तं मी बुढ्याचंच ऐकलं असतं.

"अनुपमा, डबा बिघडला नाई. मी नवमीले चारही डबे उपटले, पूजेले. अन् परत लावताना उलटे लावले. नराले दसऱ्यापासून पाणी नाई."

"उपटले?" तिचा आवाज चढला. "आत्याबाई, पूजा काय जागेवर करता येत नव्हती?"

"पाटावाचून पूजा कशी कराची?"

"मंग नंबर तं पाहाचे."

"नंबर पुसून गेले. मीच पुसले."

तिकडं दवाखान्यात कोणीतरी कोणाचं नाव पुकारत होतं. मंग ती म्हणे, "किती गेलं?"

"फुलं अर्धी गेली. कळ्या हायेत. आता चालू हाये पाणी."

"झाडं उभी हायेत ना?"

"उभी हायेत." मी डोळे पुसले. "तू उद्या येऊन जाय. लॅपटॉप तूच पाहा. माह्यानं नाई होत."

"उद्या येणारच होती मी," अनुपमा म्हणे. "फुलं गळाली म्हटलं तवाच गोपालले सांगतलं होतं, मायजवळ येऊन बस म्हणून. तुमी डबा बिघडला म्हटलं असतं तं आत्ताच एसटी धरली असती. काय बिघडलं हे कळत नाई तोवर नर कोणाच्या भरवशावर ठेवता येत नाई. आता कळलं ना काय झालं ते." राग गेला नव्हता तिचा, आवाजात होता. "डबे बदलून लावा. एकेकाचा दिवा लावून पाहा, मंगच नंबर लिवा. मायचे टाके निघेपर्यंत मी इथंच राहते."

पह्यल्या खेपेले तिच्यापुढं इलाज नव्हता. आता होता, गोपाल मायजवळ बसणार होता. मले तिले काईतरी म्हणाचं होतं, पण तिनं वाट पाह्यली नाई, फोन ठेवला.

बुढा दारातच उभा होता. "काय म्हणे? येऊन राह्यली का उद्या?"

"नाई," मी म्हटलं. "तिनं नर माह्यावर सोडला."